पुन्हा पुन्हा पाहावेत असे तीन सिनेमे, आणि त्यांतले ऐकणारे

पेट, सेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सूक्ष्म वाचन म्हणजे नेमकं करायचं काय?" संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात त्याची व्याख्या मिळेल, मुलाखतीपुरती पाठही होईल. पण समोरच्या पॅनेलवरच्या एखाद्या मॅडमनी "बरं, मग करून दाखवा" म्हटलं, की पाठ केलेली व्याख्या तिथेच संपते. म्हणून या वेळी पुस्तकं बाजूला ठेवू आणि तुम्हाला आधीच आवडणाऱ्या गोष्टीकडे जाऊ. सिनेमा. तोही नवीन नाही, दहा-दहा वेळा पाहिलेला.

पाहिलेला सिनेमा पुन्हा लावला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अरे, पाहिलायस ना हा?" जणू एकदा पाहिला की तो वापरून झाला. पण एकदा पाहिला म्हणजे काय पाहिलं? माझं म्हणणं असं आहे की पहिल्यांदा आपण बोलणाऱ्याकडे पाहतो. गोष्ट त्याच्या तोंडी असते, मग डोळेही त्याच्यामागे धावतात. सगळ्यांचंच असं होतं, त्यात गैर काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोष्ट ठाऊक असते, डोळे रिकामे होतात, आणि तेव्हा ऐकणाऱ्याकडे बघता येतं. ज्या सिनेमात ऐकणाऱ्याकडे बघण्यासारखं काहीतरी ठेवलेलं असतं, तो पुन्हा पाहण्याच्या लायकीचा. बाकीचे सिनेमे दुसऱ्या वेळी सुट्टीतल्या वर्गासारखे वाटतात: बाकं जागच्या जागी, माणसं गायब.

ही माझी कसोटी. ती तीन मराठी सिनेमांवर लावून बघू. पहिले दोन जरा भरभर घेते, कारण खरा मुक्काम तिसऱ्यावर आहे.

'अशी ही बनवाबनवी' माहीत नाही असा वाचक मला भेटायचाय. सचिन पिळगावकर यांचा १९८८चा सिनेमा, लेखन वसंत सबनीस यांचं, आणि मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मधली. पुण्यात भाड्याने जागा हवी असलेले चार तरुण. लीलाबाई काळभोर जागा देणार ती फक्त जोडप्यांना. मग चौघांतले दोघे साड्या नेसतात आणि पुढचा सगळा गोंधळ होतो. या सिनेमाचे संवाद लोकांना इतके पाठ आहेत, की धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारं ते वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही दारावर टकटक करून म्हणावं आणि आतून पुढचं वाक्य यावं.

पण गंमत बघा, आपल्याला पाठ असतात ती बोलणाऱ्यांची वाक्यं. आठवणीत ऐकणारा शिल्लकच राहत नाही. आता एक करा. लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन लीलाबाईंसमोर काहीबाही ठोकून देतोय असं कुठलंही दृश्य घ्या, आवाज बंद करा आणि फक्त अशोक सराफकडे बघा. धनंजय मानेला त्या क्षणी एकाच चेहऱ्यावर तीन कामं करायची असतात. स्वतःची घाबरगुंडी गिळायची, पुढची थाप शोधायची, आणि घरमालकिणीला दिसेल इतपत प्रेमळ नवराही राहायचं. विनोद चेंडू फेकणाऱ्याच्या नावावर जमा होतो, पण झेलणारा नसेल तर चेंडू नुसताच लांब जाऊन पडतो. अशोक सराफ यांचं मोठेपण मला त्या झेलण्यात दिसतं, आणि ते पाचव्या-सहाव्या वेळेशिवाय नीट दिसत नाही, कारण तोवर आपण हसण्यात गुंग असतो.

त्याच्याही पुढे जा. त्या घरातली सगळ्यात मोठी ऐकणारी कोण? लीलाबाई. नयनतारा यांनी केलेली. चौघेही तिच्याशी खोटं बोलताहेत आणि ती प्रत्येक शब्द खरा धरतेय. पार्वतीचं डोहाळजेवण आपल्या लेखी धमाल आहे, तिच्या लेखी ते डोहाळजेवणच आहे. एवढं एकदा लक्षात आलं की सिनेमा कमी विनोदी होत नाही, पण त्याला एक वजन येतं. आणि एक सामाजिक प्रश्नही उघडा पडतो: शहरात जागा मिळवण्यासाठी माणसाला स्वतःबद्दल काय काय खोटं सांगावं लागतं? पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधलेल्या कुणालाही हा प्रश्न १९८८चा वाटणार नाही. विनोदी सिनेमातून एवढं निघतं का, असं कुणी म्हणेल. निघतं. ओढूनताणून काढावंही लागत नाही, कारण सगळी गोष्ट उभीच त्या अटीवर आहे.

दुसरा सिनेमा 'सामना'. १९७४चा, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखर कारखान्याच्या जोरावर अख्खा मुलूख मुठीत ठेवणारे हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी वाहत आलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मास्तर एकच प्रश्न विचारत सुटतो. मारुती कांबळेचं काय झालं?

पहिल्यांदा पाहताना आपण उत्तराची वाट बघतो. उत्तर कळल्यावर मग पुन्हा बघायला बसा आणि मास्तरकडे बघूच नका. ज्याला उत्तर ठाऊक आहे तो माणूस हा प्रश्न कसा ऐकतो, ते बघा. दारुड्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरजच नसते, ही हिंदुरावांची पहिली सोय. ते प्रश्न टाळत नाहीत, विचारणाऱ्यालाच पाहुणा करून घेतात. खायला घालतात, प्यायला देतात, जवळ बसवतात. सत्ता नकोसा प्रश्न किती तऱ्हांनी ऐकू शकते, याचा निळू फुले यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ पाठच सापडतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सहकारी साखर कारखानदारीवरचे चार लेख वाचल्यावर हा सिनेमा लावावा. लेख वाचायच्या आधी लावू नये, नाहीतर हिंदुराव नुसते खलनायक वाटतात आणि विषय तिथेच संपतो.

तिसऱ्या सिनेमाकडे जायच्या आधी एक पथ्य सांगून टाकते, नाहीतर पुढे गोंधळ होईल. पुन्हा पुन्हा सिनेमा पाहण्याचा आपल्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे दादासाहेब फाळके. १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला, मग सिनेमे पाहण्याचा असा सपाटा लावला की डोळे बिघडले. पडद्यावर ख्रिस्त चाललेला असताना आपल्याला मात्र राम आणि कृष्ण दिसत होते, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्या दिसण्यातूनच १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पण पडद्यावर नसलेलं दिसणं हे सिनेमा काढणाऱ्याचं काम. तुम्ही संशोधनाला निघाला आहात. तुम्हाला राम दिसला, तर आधी पडदा पुन्हा बघायचा.

आता 'कोर्ट'.

चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, एप्रिल २०१५मध्ये थिएटरात. दोन तासांपेक्षा थोडा कमी. पहिल्यांदा पाहिलेल्या बऱ्याच जणांची तक्रार ठरलेली असते: "संथ आहे." ती खोटी नाही, संथ आहेच. पण तो तसा का आहे, हे बघायला हवं.

गोष्ट थोडक्यात. नारायण कांबळे हे वयस्क लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतात, बसने कार्यक्रमाला जातात, मंचावर गातात, आणि तिथेच पोलीस त्यांना धरतात. आरोप असा: त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. मग सत्र न्यायालय. बचावाचे वकील विनय वोरा, सरकारी वकील नूतन, न्यायाधीश सदावर्ते. तारीख पडते, पुढची तारीख पडते.

आरोपच बघा कसला आहे. कुणीतरी गायलं आणि कुणीतरी ऐकलं. सगळा खटला एका ऐकणाऱ्यावर उभा आहे, आणि तो ऐकणारा मेलेला आहे. त्याने ते गाणं ऐकलं तरी होतं का, हे सांगायला तो येऊ शकत नाही. माझ्या कसोटीला याहून चांगला सिनेमा मिळणं कठीण.

आता संथपणाकडे येऊ. ताम्हाणे आणि छायालेखक मृणाल देसाई कोर्टाच्या खोलीत कॅमेरा लांब ठेवतात आणि हलवत नाहीत. वकील बोलला की त्याचा चेहरा मोठा, साक्षीदार रडला की त्याचा चेहरा मोठा, ही आपली नेहमीची सवय. इथे ती सोय नाही. एकाच चौकटीत न्यायाधीश, वकील, आरोपी, टायपिस्ट, शिपाई, फायलींचे गठ्ठे, आणि मागच्या बाकांवर स्वतःच्या केसची वाट बघत बसलेली माणसं. कुठे बघायचं हे कॅमेरा सांगत नाही. पहिल्यांदा पाहताना हे कंटाळवाणं वाटतं, कारण डोळ्यांना हाताला धरून नेणारं कुणी नसतं. दुसऱ्यांदा तीच मोकळीक होते. तुम्ही ठरवायचं: आज टायपिस्टकडे बघणार.

खरंच टायपिस्टकडे बघा. या सिनेमाचं मर्म मला तिथे सापडतं. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो. अडखळतो, मागे जातो, भलतीकडे जातो. न्यायाधीश ते ऐकतात आणि त्याचा सारांश टायपिस्टला इंग्रजीत सांगतात. कळा वाजतात. जे टाइप झालं ती साक्ष. जे बोललं गेलं ते हवेत. यात कुणी लबाडी करत नाही. सदावर्ते नियमाप्रमाणेच चालले आहेत, टायपिस्ट सांगितलं तेच टाइप करतोय. तरीही एक माणूस बोलायला उभा राहतो आणि खाली बसेपर्यंत त्याच्या बोलण्याचं दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य झालेलं असतं.

इथे जरा थांबा, कारण हा प्रश्न सिनेमापुरता नाही. तुमच्यातले निम्मे जण पुढे मुलाखती घेणार आहात. माझ्या प्रबंधासाठी मी ज्या बायकांशी बोलते त्या बोलतात वऱ्हाडीत, माझी वही भरते प्रमाण मराठीत आणि प्रबंध जाणार इंग्रजीत. सदावर्ते एकदाच भाषा बदलतात, मी दोनदा बदलते. म्हणून लिप्यंतरात मी त्यांचं "हं", "काय सांगू आता" आणि मधली गप्प बसलेली सेकंदंसुद्धा ठेवते. गाईडना ते कधीकधी फापटपसारा वाटतं. चर्चा चालू आहे.

परत कोर्टात. वासुदेवची बायको शर्मिला पवार साक्षीला येते. उषा बाने यांनी हे काम केलं आहे, आणि काम केलं म्हणताना मला जरा संकोच वाटतो इतकं ते साधं आहे. वोरा विचारतो, ती सांगते. नवऱ्याकडे सुरक्षेची साधनं काही नव्हती. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरायचा. आत विषारी वायू आहे का, हे बघायची त्याची एक रीत होती: झुरळं बाहेर येतात का ते बघायचं. आली तर आत जीव जगतो, उतरायला हरकत नाही. एक डोळा त्या कामात आधीच गेलेला.

पहिल्यांदा पाहताना हे ऐकून आपण सुटकेचा श्वास सोडतो, कारण आपण कांबळेंच्या बाजूने बसलेलो असतो. चला, आत्महत्या नव्हती, अपघात होता, शाहीर सुटणार! दुसऱ्यांदा हाच श्वास बोचतो. एका बाईने भर कोर्टात सांगितलं, की तिचा नवरा झुरळांच्या भरवशावर गटारात उतरत होता, आणि ते ऐकणाऱ्या खोलीत एकालाही पुढचा प्रश्न पडला नाही. त्याला तिथे उतरवलं कुणी? सरकारी वकिलाला पडला नाही, कारण तिचा खटला दुसऱ्या माणसावर आहे. बचावाच्या वकिलाला त्याची गरज नाही, त्याचं काम झालं. न्यायाधीशांसमोर तो मुद्दाच नाही. आणि प्रेक्षक म्हणून आपणही कांबळेंच्या जामिनाकडे निघालेलो असतो. सगळे चांगलं ऐकतात, पण ज्याच्या त्याच्या कामापुरतं.

सिनेमाबाहेरचा एक संदर्भ इथे जोडायलाच हवा. हाताने मैला उपसण्याच्या कामाला बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. २७ मार्च २०१४ला, म्हणजे 'कोर्ट' व्हेनिसला जायच्या काही महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की १९९३पासून गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये द्या. २०२३मध्ये ती रक्कम ३० लाख झाली. म्हणजे सर्वोच्च पातळीवर हा प्रश्न ऐकला गेला होता. सत्र न्यायालयातल्या त्या काल्पनिक खोलीत मात्र तो ऐकण्याची कुणाची जबाबदारीच नव्हती. सिनेमा हे भाषणात सांगत नाही. शर्मिलाची साक्ष संपते, वोरा तिला गाडीतून सोडायला निघतो, तिला पैसे देऊ करतो, आणि ती काम मिळेल का विचारते. बस्स.

नारायण कांबळेंचं काम करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१मध्ये कोरोनाने ते गेले. मंचावर ते आवाजाने जागा भरून टाकतात. कोर्टात मात्र बहुतेक वेळ उभे असतात, गप्प. ज्याच्यावर बोलल्याचा आरोप आहे, त्याला या गोष्टीत सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. सरकारी वकील जुन्या कायद्यांची कलमं एका सुरात, न थांबता वाचत जाते, आणि ते ऐकून घेतात. त्या दृश्यात पुढच्या वेळी वाचणाऱ्या नूतनकडे बघू नका.

अर्थात नूतनकडेही एकदा वेगळं बसून बघायला हवं. गीतांजली कुलकर्णी यांनी ही बाई अशी उभी केली आहे, की तिचा राग करणं कठीण जातं. कोर्ट सुटल्यावर ती लोकल पकडते, मैत्रिणीशी खाण्यापिण्याचं बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. आणि तीच बाई जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांशी बोलता बोलता म्हणून जाते की तेच ते चेहरे बघून कंटाळा आला, न्यायाधीशांनी टाकावं ना वीस वर्षं आत. आवाज जराही चढत नाही. पहिल्यांदा हे वाक्य कानावरून निघून जाऊ शकतं. पुन्हा ऐकताना ते जेवणाच्या डब्यांमध्ये ठेवलेलं दिसतं.

वोराचं जग दुसरं. सुपरमार्केट, वाईन, चीज, गाडीत जॅझ, घरी लग्नावरून मागे लागलेले गुजराती आईवडील. दोन्ही वकिलांना सिनेमा घरी सोडायला जातो आणि दोघांचं घर दाखवतो. कांबळेंचं घर आपल्याला शिकवणीपुरतं दिसतं, वासुदेवचं त्याहून कमी. ही वाटणी दिग्दर्शकाने केलेली आहे आणि तिच्याबद्दल बोलायला जागा आहे. मध्यमवर्गाचं रोजचं जगणं तपशिलात आणि शोषिताचं जगणं केवळ साक्षीतून, असं का? माझं मत विचाराल तर ते मुद्दाम आहे: ज्यांच्या हातात खटला आहे त्यांना तपासायचंय, म्हणून कॅमेरा त्यांच्यामागे जातो. पण उलट बाजूनेही चांगला लेख लिहिता येईल, आणि मी तो आनंदाने वाचेन.

सिनेमा मला जिथे ढिला वाटतो ती जागाही सांगते. नूतन कुटुंबासोबत एक मराठी नाटक बघायला जाते. परप्रांतीयांवर तोंडसुख घेणारं नाटक, टाळ्या, हशा. बाकी सगळीकडे हा सिनेमा आपल्याला मत बनवायला वेळ देतो. इथे मात्र नाटकच इतकं ढोबळ आहे, की आपलं मत पडदा उघडायच्या आधी तयार असतं. ऐकणाऱ्यांकडे बघायला काही उरत नाही, ते सगळे मिळून एक हशा होऊन जातात. 'कोर्ट'वरच्या कौतुकाच्या लेखांत हे कुणी फारसं म्हणत नाही, पण आवडता सिनेमा दहाव्यांदा पाहिला की त्याची ढिली शिवणही दिसणारच. ती दिसली म्हणून आवड कमी होत नाही.

आता काम. एक कागद घ्या, चार रकाने पाडा. वेळ, चौकटीत कोण, बोलतंय कोण, ऐकतंय कोण. शर्मिलाच्या साक्षीचं दृश्य तीनदा चालवा. एकदा नेहमीसारखं, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून फक्त कानांनी. डोळे मिटल्यावर कळा वाजण्याचा आवाज किती पुढे येतो ते बघा. आणि सबटायटल बंद ठेवा. मराठी येत असूनही आपले डोळे खाली जाऊन बसतात, आणि सबटायटल हा तर बोलणाऱ्याचाच हक्क. ऐकणाऱ्यासाठी खाली काही लिहून येत नाही.

चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या. त्यात "नूतन निर्दयी आहे" असं लिहायचं नाही, तो अर्थ झाला. "शर्मिला बोलत असताना नूतन कुठे बघते" हे निरीक्षण. अर्थ कागदाच्या पाठीमागे लिहा, वेगळ्या शाईने. मुलाखतीत किंवा व्हायवाला "हे तुम्ही कशावरून म्हणता?" असा प्रश्न येईल तेव्हा कागद उलटायचा आणि वेळ वाचून दाखवायची. सूक्ष्म वाचन, सूक्ष्म वाचन म्हणतात ते एवढंच, फक्त चिकाटीने.

एक दृश्य मी मुद्दाम राखून ठेवलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि अंधारी खोली पडद्यावर बराच वेळ तशीच राहते. थिएटरात इथे लोक उठायला लागतात. पण सिनेमा संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सदावर्ते कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात. न बोलणाऱ्या एका लहान मुलाबद्दल ते सल्ला देतात, तो वैद्यकीय नसतो: नाव बदला, खड्याची अंगठी घाला. मग बाकावर त्यांचा डोळा लागतो, पोरं येऊन कानाशी ओरडतात, ते दचकून उठतात आणि हाताला लागलेल्या एका पोराला थप्पड देतात. आणि पुन्हा डुलकी.

हे शेपूट हवं होतं का, यावर वाद आहे. अंधारावरच संपला असता तर सिनेमा जास्त देखणा झाला असता, हे मलाही पटतं. पण मग सदावर्ते आपल्याला कायम खुर्चीतच दिसले असते. त्या बागेत ते खुर्चीत नाहीत, समोर टायपिस्ट नाही, आणि ते ऐकतात कसं हे तिथे उघड्यावर दिसतं. माझं मत शेपटाच्या बाजूने.

तुम्ही 'कोर्ट' पुन्हा लावाल तेव्हा अजून एक मोजणी करा. वासुदेव पवार हे नाव पूर्ण सिनेमात किती वेळा, कुणाच्या तोंडून आणि कोणत्या मिनिटाला येतं? मध्यंतरापर्यंतचे आकडे एका ओळीत लिहा, नंतरचे दुसऱ्या ओळीत. माझे आकडे माझ्या वहीत आहेत. इथे देत नाही, नाहीतर तुम्ही सिनेमा न बघता तेच उतरवून घ्याल.